पदवीविना पक्षिपंडित : डॉ. सलीम अली

पक्षिशास्त्र प्रयोगशाळेतून बाहेर काढून सामान्य वाचकाच्या हाती देणारे थोर लेखक म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढविले. एकदा एअरगनने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारण्यास मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्डसाहेबांनी नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातील पक्षीही दाखविले. तेथेच आयुष्याची दिशा ठरली.

परंतु वाट सोपी नव्हती. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात भावाच्या व्यवसायात गेले. पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा त्यांना नाकारली गेली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नोकरी लागली. रजा घेऊन ते जर्मनीत पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

बेकारीच्या त्या दिवसांत ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले व सुगरणीची घरटी तासन् तास न्याहाळू लागले. आपल्या विहिरींवरच्या बाभळींना लोंबणारे ते खोपे सुगरण विणते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात विणकर असतो नर. खोपा अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तर नर तो पुरा करतो आणि मादीने संसार मांडला की दुसरा खोपा विणायला घेतो. ही हकीकत त्यांनी प्रसिद्ध केली आणि जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले.

पुढे पगार न घेता, केवळ खर्चावर, त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. आपला बीड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. पत्नी तेहमिना मुक्कामांवर सोबत असत व त्यांचे लेखनही तपासून देत. १९३९ मध्ये त्या निवर्तल्या. हा आघात सोसून १९४१ मध्ये त्यांनी भारतीय पक्ष्यांवरील सचित्र, सोपे पुस्तक दिले. आकाशवाणीवरूनही ते पक्ष्यांविषयी बोलत. अमेरिकन शास्त्रज्ञ रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. भरतपूरचे पाणपक्षी आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्यासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये ते निवर्तले.

पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठांनी पुढे सन्मान्य डॉक्टरेट दिली. घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या आम्हांला पदवी हवीच आहे. परंतु डोळे उघडे ठेवण्याचे काम पदवी करीत नाही. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. तेथे काय दिसते, हे आपल्याच कोणी वही-पेन्सिल घेऊन मराठीत लिहिले, तर ते डॉ. सलीम अलींचे खरे स्मरण ठरेल.