इल्या मेच्निकोव

इल्या इल्यिच मेच्निकोव (१८४५–१९१६) हे रशियन साम्राज्यातील प्राणिशास्त्रज्ञ व रोगप्रतिकारशास्त्राचे एक जनक होते. शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळून पचवतात, हा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यासाठी त्यांना १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पाउल एरलिख यांच्यासमवेत मिळाले.

जीवन

त्यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील खारकिव शहराजवळ झाला. खारकिव विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. १८६५ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे एका चपट्या कृमीचा अभ्यास करताना, त्याचे अन्न पेशींच्या आतच पचते, असे त्यांना आढळले. त्यांच्या पुढील बहुतेक कार्याचे बीज या निरीक्षणात आहे. १८७० मध्ये ते ओदेसा येथे प्राध्यापक झाले. पहिली पत्नी ल्युदमिला १८७३ मध्ये क्षयाने वारली. त्या दुःखात त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी विवाह केला.

भक्षी पेशी

विद्यापीठातील राजकीय वातावरणाला कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला व ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. अन्न पचवणारी पेशी शरीराचे रक्षणही करते, हा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. पाणपिसवेच्या शरीरात शिरलेल्या बुरशीचे बीजाणू अशा पेशी नष्ट करतात, हे त्यांनी १८८४ मध्ये दाखवले. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते, हरल्या तर मरते, इतके हे चित्र स्पष्ट होते.

तरीही जर्मन जंतुशास्त्रज्ञांना ते पटले नाही. रक्तद्रवातील घटकच जंतूंना मारतात आणि पेशी केवळ मृत जंतूंची विल्हेवाट लावतात, असा त्यांचा आक्षेप होता. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत राहून मेच्निकोव यांनी हा वाद चिकाटीने लढवला. दोन्ही पक्ष अंशतः बरोबर होते. रक्तद्रवातील प्रतिपिंडे चिकटलेले जंतू भक्षी पेशींना अधिक सहज गिळता येतात.

उत्तरायुष्यात त्यांनी वार्धक्याचा अभ्यास केला. वृद्धपणी भक्षी पेशी दुर्बळ झालेल्या चेतापेशींना खातात, असे त्यांचे मत होते. आतड्यातील जंतूंच्या विषांना आळा घालण्यासाठी ते आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार करीत. हा त्यांच्या विचारांतील सर्वांत लोकप्रिय, पण सर्वांत कच्चा भाग म्हणावा लागेल.

पुढील संशोधन

गिळलेला जंतू नेमका कशाने पचतो, हे मेच्निकोव यांच्या हयातीत पूर्णपणे उलगडले नाही. ख्रिस्तियान द द्युव यांनी १९५५ मध्ये लायसोसोम या पाचक पिशव्यांचे वर्णन केले. पेशी स्वतःचेच जीर्ण घटक याच पिशव्यांत पचवते, त्या प्रक्रियेला त्यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. तिचे नियमन केंद्रकातूनही होते. पोषकद्रव्ये मुबलक असताना टीएफईबी या प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते व ते केंद्रकाबाहेर अडकून राहते. उपासमार होताच फॉस्फेट निघून जाते, प्रथिन केंद्रकात शिरते आणि लायसोसोम व स्वभक्षण यांची जनुके कार्यान्वित करते. मेच्निकोव यांच्या भक्षी पेशींमध्येही हेच प्रथिन पचनाची क्षमता वाढवते.