माश्यांच्या बाटल्या आणि क्ष-किरण : हर्मन म्युलर

बुटाच्या दुकानात एक्स-रे मशीन असायचं असं सांगितलं तर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. पण अमेरिकेत १९२० नंतर तीस-एक वर्षं ते खरोखर होतं. लाकडी कपाटासारखं यंत्र, खालच्या फटीत पाय घालायचा, वरून डोकावायचं, की नव्या बुटात आपली बोटं कशी बसलीत ते हाडांसकट दिसायचं. लहान मुलं गंमत म्हणून पुन्हा पुन्हा पाय घालायची. डॉक्टरमंडळी तर डोक्यातल्या नायट्याला आणि चेहऱ्यावरच्या मुरमांनाही क्ष-किरण देत. जास्त किरणांनी कातडी भाजते, कॅन्सर होतो, हे तोवर माहीत झालेलं होतं. पण भाजलं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असा सरळ हिशोब होता. हा हिशोब चुकीचा आहे आणि त्याची वसुली आपल्याकडून नाही तर पुढच्या पिढ्यांकडून होऊ शकते, हे ज्याने प्रयोग करून दाखवलं तो हर्मन जोसेफ म्युलर. बारावीला (आणि काहींनी तर दहावीलाच!) बायोलॉजीला रामराम ठोकलेल्या आपल्यासारख्यांना हे नाव सहसा माहीत नसतं. पण या माणसाचं डोकं इंजिनिअरचं होतं, म्हणून हा लेख.

म्युलरचा जन्म २१ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घरचा धातूच्या कलाकुसरीच्या वस्तू बनवण्याचा व्यवसाय होता. वडिलांनी त्याला लहानपणी म्युझियममध्ये नेऊन घोड्याच्या खुराची उत्क्रांती दाखवली होती. हर्मन दहा वर्षांचा होण्याआधीच ते गेले. पुढे स्कॉलरशिपवर तो कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि सुट्टीत बँकेत, हॉटेलात नोकऱ्या करून खर्च भागवला.

कोलंबियात तेव्हा थॉमस हंट मॉर्गन यांची प्रसिद्ध 'फ्लाय रूम' होती. नाव भारी, पण खोली आपल्या हॉस्टेलच्या दोन खोल्या जोडल्या तर होईल एवढीच. दुधाच्या रिकाम्या बाटल्या, त्यात कुजकं केळं आणि त्यावर वाढणाऱ्या फळमाश्या, म्हणजे आपल्या मेसमध्ये पिकल्या केळ्यांभोवती घोंघावतात तीच चिलटं. दहा-बारा दिवसांत एक पिढी तयार! १९१५ साली मॉर्गन, स्टर्टेवंट, म्युलर आणि ब्रिजेस या चौघांच्या नावाने एक पुस्तक निघालं आणि जनुकं गुणसूत्रांवर माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात हे जगाला पटलं. पण आपल्या कल्पनांचं श्रेय आपल्याला पुरेसं मिळालं नाही, ही सल म्युलरच्या मनात कायमची राहिली. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये काम केलेल्या कोणालाही ही भावना वेगळी समजावून सांगायला नको. मॉर्गनना १९३३ चं नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी बक्षिसाच्या रकमेतला वाटा स्टर्टेवंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांनाही दिला. त्या वाटणीत म्युलर नव्हता.

१९२० मध्ये म्युलर टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला गेला. त्याला छळणारा प्रश्न साधा होता. जनुकात आपोआप बदल होतात, म्हणजे उत्परिवर्तन होतं, पण इतकं क्वचित की हजारो माश्या तपासाव्यात तेव्हा एखादा सापडावा. शिवाय लाल डोळ्याचा पांढरा झाला तर दिसतो; जो बदल माशीला जन्मायच्या आधीच मारून टाकतो तो मोजायचा कसा? जे जन्मलंच नाही ते मोजायचं! यासाठी त्याने माश्यांचा एक खास वाण वापरला. त्याचं नाव 'सीएलबी', आणि त्यातलं प्रत्येक अक्षर एक पार्ट आहे.

माशीतही आपल्यासारखंच, मादीला दोन एक्स गुणसूत्रं आणि नराला एकच. या वाणातल्या मादीच्या एका एक्सवर तीन गोष्टी होत्या. 'सी' म्हणजे गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसलेला, त्यामुळे ते आपल्या जोडीदाराशी तुकड्यांची अदलाबदल करत नाही, जसंच्या तसं पुढे जातं. 'एल' म्हणजे मारक जनुक. मादीत दुसरं चांगलं एक्स असल्यामुळे ती जगते, पण नराला ते मिळालं की तो मेलाच. आणि 'बी' म्हणजे पट्टीसारखा अरुंद डोळा, ही ओळखीची खूण. आता क्ष-किरण दिलेल्या नरांचा या माद्यांशी संकर करायचा. पट्टी-डोळ्याच्या मुली निवडायच्या. त्यांच्यात एक एक्स आईचं सीएलबी, दुसरं बापाचं किरण लागलेलं. प्रत्येकीला साध्या नरासोबत वेगळ्या बाटलीत ठेवायचं. तिच्या मुलग्यांपैकी ज्यांना सीएलबी मिळालं ते मरणारच. उरलेल्यांना आजोबांचं किरण लागलेलं एक्स. त्यावर नवं मारक उत्परिवर्तन झालं असेल तर तेही मरणार, म्हणजे बाटलीत एकही नर नाही. बस्स! बाटली उचलायची, भिंगातून बघायचं, नर आहे की नाही. मेट्रॉलॉजीच्या लॅबमधल्या गो-नो गो गेजसारखं. माझ्या मते या माणसाची खरी प्रतिभा क्ष-किरण मारण्यात नव्हती, या गेजमध्ये होती. किरण मारून बघणारे त्याच्या आधीही होते.

१९२६ च्या शेवटी त्याने प्रयोग सुरू केले आणि बाटल्यांमागून बाटल्या नरांशिवाय निघू लागल्या. जास्त मात्रेला उत्परिवर्तनाचं प्रमाण नेहमीच्या सुमारे दीडशे पट झालं होतं. जुलै १९२७ मध्ये त्याने 'सायन्स'मध्ये लेख छापला. गंमत म्हणजे त्यात आकडेवारीचा एकही तक्ता नव्हता. (आपण असं जर्नल सबमिट केलं तर काय होईल!) आकडे त्याने सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले आणि तो जगप्रसिद्ध झाला. त्याच सुमारास लुईस स्टॅडलर यांनी बार्ली आणि मक्यावर तेच दाखवलं, पण म्युलर आधी छापून मोकळा झाला होता.

यशानंतर सगळं छान व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. त्याची पत्नी जेसी गणित शिकवायची. मूल झाल्यावर आई असलेली बाई नोकरीकडे पुरेसं लक्ष देऊ शकणार नाही या समजुतीपायी तिची नोकरी गेली. संसार विस्कटत गेला, सहकाऱ्यांशी खटके उडत होते. डाव्या विचारांमुळे तो 'द स्पार्क' या विद्यार्थ्यांच्या गुपचूप निघणाऱ्या अंकाला मदत करत होता, त्यावरून सरकारी तपास यंत्रणेची नजर. १९३२ च्या जानेवारीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. शोधायला गेलेल्या लोकांना तो दुसऱ्या दिवशी रानात सापडला, वाचला आणि पुन्हा कामाला लागला. चरित्रांमधून असे प्रसंग गाळले जातात, मी मुद्दाम लिहिला आहे. नोबेल यायला तेव्हा अजून १४ वर्षं होती.

त्याच वर्षी तो फेलोशिपवर बर्लिनला गेला. काही महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. मग निकोलाय वाविलोव्ह यांच्या आमंत्रणावरून १९३३ मध्ये माश्यांचे वाण बरोबर घेऊन तो सोव्हिएत रशियात गेला, आधी लेनिनग्राड आणि मग मॉस्को. हा त्याच्या स्वप्नातला देश होता. पण तिथे लायसेंकोचा जमाना सुरू होत होता. जनुक वगैरे सगळी भांडवलशाही थापेबाजी आहे, गव्हाला थंडी दिली की त्याचे गुण हवे तसे बदलतात, असं सांगणारा हा माणूस, आणि त्याच्या पाठीशी सत्ता. म्युलरने १९३६ मध्ये एक भाबडा उद्योग केला. निवडक पुरुषांच्या बीजापासून कृत्रिम गर्भधारणेने माणसाचा वंश सुधारावा असं मांडणारं आपलं पुस्तक त्याने पत्रासह थेट स्टालिनला पाठवलं. स्टालिनला ते आवडलं नाही. डिसेंबरमध्ये कृषी अकादमीच्या जाहीर वादात म्युलर लायसेंकोच्या विरोधात उभा राहिला. टेक्सासमध्ये त्याच्याकडे काम करून गेलेले आगोल आणि लेव्हिट दोघांनाही पुढे अटक होऊन गोळ्या घातल्या गेल्या. यातला लेव्हिट मॉस्कोत मानवी आनुवंशिकतेची संस्था चालवत होता. निघून जा, असा सल्ला वाविलोव्ह यांनीच दिला. पण तडक अमेरिकेला गेला तर मागे राहिलेल्या मित्रांवर संशय येणार, म्हणून तो १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात गेला आणि माद्रिदमध्ये नॉर्मन बेथ्यून यांच्या रक्तपुरवठा पथकात काही आठवडे राबला. वाविलोव्ह मात्र सुटले नाहीत. जगभरातून धान्याची बियाणी गोळा करणारा हा माणूस १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने गेला. म्युलरने १९४८ मध्ये सोव्हिएत अकादमीच्या सदस्यत्वाचा जाहीर राजीनामा दिला.

मधली काही वर्षं एडिंबरोत गेली. तिथे त्याच्याकडे एस. पी. रे-चौधरी हे भारतीय विद्यार्थी होते, जे नंतर बनारसला प्राध्यापक झाले. त्यांचा प्रयोग महत्त्वाचा आहे. तेवढीच मात्रा झटकन द्या किंवा कित्येक दिवस थेंबथेंब द्या, माशीत मारक उत्परिवर्तनं सारखीच. यावरून म्युलरचं ठाम मत झालं की किरणांची 'सुरक्षित' अशी मात्रा नसतेच. पुढे १९५८ मध्ये विल्यम रसेल यांनी उंदरांवर दाखवलं की हळूहळू दिलेल्या मात्रेने उत्परिवर्तनं कमी होतात. म्हणजे उंदीर ही मोठी माशी नव्हे! तरी अणुवीज केंद्रांतल्या मात्रेच्या मर्यादा आजही थोडक्यात थोडा धोका धरूनच ठरवतात आणि त्यावरचा वाद मिटलेला नाही.

१९४५ मध्ये तो इंडियाना विद्यापीठात गेला. ऑगस्टमध्ये हिरोशिमा झालं आणि १९४६ चं नोबेल त्याला मिळालं. अचानक सगळ्यांना माश्यांच्या बाटल्यांमध्ये रस आला. जेम्स वॉटसन १९४७ मध्ये इंडियानाला आला तो मुख्यतः म्युलरमुळे. अमेरिकन सोसायटी ऑफ ह्यूमन जेनेटिक्सचा पहिला अध्यक्षही म्युलरच. १९५० च्या त्याच्या गाजलेल्या लेखात त्याने मांडलं की प्रत्येक माणूस सदोष जनुकांचं एक ओझं घेऊन जन्मतो आणि किरणोत्सर्ग त्यात भर घालतो.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. अध्यक्ष होते आपले होमी भाभा. म्युलरचा निबंध आधी यादीत होता, पण त्यात हिरोशिमाचा उल्लेख असल्याचं कारण पुढे करून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने तो गाळला. म्युलर प्रेक्षकांत बसला. सभागृहात त्याची दखल घेतली गेली तेव्हा जमलेले शास्त्रज्ञ उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्याच वर्षीच्या रसेल-आइनस्टाइन जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ११ जणांत तो होता.

आता दुसरी बाजू. नील आणि शल यांनी हिरोशिमा-नागासाकीतल्या ७०,००० हून अधिक जन्मांची पाहणी १९५६ मध्ये छापली. त्यात वाचलेल्यांच्या मुलांमध्ये व्यंगांचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही, आणि नंतरच्या पाहण्यांतही दिसलेलं नाही. दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं नव्हे, हे म्युलरचं उत्तर तर्काला धरून होतं, पण माशीचे आकडे माणसाला लावताना त्याने घाई केली असं वाटतं.

वंशसुधारणेचं वेडही त्याने सोडलं नाही. खरं तर १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत अमेरिकेतल्या वंशवादी, गरीबद्वेष्ट्या वंशसुधारकांना त्यानेच झोडपलं होतं : समाजात विषमता असताना कोणाचं रक्त चांगलं हे ठरवणार कसं? आणि हाच माणूस म्हातारपणी थोर पुरुषांच्या बीजाची बँक काढायच्या गोष्टी करत होता. रॉबर्ट ग्रॅहम या श्रीमंत उद्योजकाबरोबर ती योजना सुरूही झाली, पण दोघांचं पटलं नाही.

५ एप्रिल १९६७ रोजी इंडियानापोलिसमध्ये हृदयविकाराने म्युलर गेला. ग्रॅहमने १९८० मध्ये बँक उघडलीच आणि तिला म्युलरचं नाव दिलं. म्युलरची दुसरी पत्नी थिया हिने या नावाला हरकत घेतली. १९९९ मध्ये बँक बंद पडली.