तुकोबांचा चेहरा

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी लिहिते आहे ते एका नटाबद्दल. घरोघरच्या तसबिरींतल्या तुकोबांवर ज्यांच्या चेहऱ्याची छाप आहे, ते विष्णुपंत पागनीस. नोकरीत नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. कोण कशाला योग्य, हे ठरवताना मला त्यांची गोष्ट हमखास आठवते.

पागनीसांचा जन्म 1892 चा. ते लहानपणीच नाटक कंपनीत गेले. तेव्हा रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुषच करत. नाजूक चेहरा आणि गोड गळा असलेल्या पागनीसांच्या वाट्याला साहजिकच स्त्रीभूमिका आल्या. पण स्त्रीपार्टी नटाचे आयुष्य मोठे नसते. वय वाढते, अंग भरते. त्यात बोलपट आले, स्त्रिया स्वतःच पडद्यावर दिसू लागल्या. पागनीसांचे गाणे मात्र चालू राहिले. 1928 च्या सुमारास त्यांनी सारंग रागात ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका केली होती. चाळिशी ओलांडली तेव्हा ते उत्तम भजन गाणारे, पण नट म्हणून मागे पडलेले गृहस्थ होते.

अशा वेळी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत ‘संत तुकाराम’ करायचे ठरले. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांच्या कामासाठी दामल्यांनी पागनीसांना निवडले आणि कंपनीतच विरोध सुरू झाला. व्ही. शांताराम यांनाही ही निवड पटली नव्हती. आयुष्यभर बायकांची कामे केलेल्या माणसाच्या हालचालींत एक बायकी मार्दव असते, ते संताला कसे शोभणार, असा प्रश्न होता. या शंकेला नुकताच एक आधारही मिळाला होता. 1935 साली प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला होता. त्यात एकनाथांचे काम साक्षात बालगंधर्वांनी केले होते, तरी तो अपेक्षेइतका चालला नाही. एक संतपट, त्यात स्त्रीपार्टी नट, आणि निकाल असा. त्याच वाटेने पुन्हा जायचे धाडस कोण करील?

दामले मागे हटले नाहीत. ज्या मार्दवाला इतरांनी दोष मानले, तेच तुकोबांना हवे होते. हा संसारात न रमणारा, कुणावर आवाज न चढवणारा माणूस. पागनीस पडद्यावर ताठ उभे राहून संवाद फेकत नाहीत, ते सहज बोलतात आणि बोलता बोलता गाऊ लागतात. संगीत केशवराव भोळ्यांचे होते. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले एक गीत पागनीसांच्या तोंडून ऐकल्यावर पुष्कळांना ते तुकोबांचाच अभंग वाटले.

बालगंधर्व पडद्यावर आले की प्रेक्षकांना आधी बालगंधर्व दिसत असणार, असे मला वाटते. पागनीसांच्या मागे एवढे मोठे वलय नव्हते. म्हणून लोकांना फक्त तुकाराम दिसला.

पण पागनीस एकटे असते तर चित्रपट भजनाचा कार्यक्रम झाला असता. समोर जिजाई होती. ते काम केले गौरी यांनी. त्या काही नावाजलेल्या नटी नव्हत्या, प्रभातमध्येच लहानसहान कामे करणाऱ्या होत्या. आजारी पोराला फरफटत देवळात नेऊन विठोबासमोर चप्पल उगारणारी ती बाई पाहिली, की कोणाही मराठी घरातली चूल आठवते. तिच्या कडाक्यामुळे त्यांची शांतता खरी वाटते.

चित्रपट 1936 च्या डिसेंबरात लागला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. लोक पागनीसांच्या पाया पडू लागले, त्यांच्या तसबिरी पूजेत गेल्या.

या यशाची दुसरी बाजूही आहे. 1939 मध्ये ते तुलसीदास झाले, 1940 मध्ये नरसी भगत. एकदा संत म्हणून मान्यता मिळालेल्या माणसाला कोण वेगळे काम देणार? पूर्वी स्त्रीभूमिकांनी त्यांना बांधले होते, आता संतपणाने बांधले. 1943 साली, पन्नाशी उलटते न उलटते तोच ते गेले.

मुलाखतीला बसले की समोर कागद असतो. आधी काय केले, कुठे केले, किती वर्षे केले, सगळे त्यावर लिहिलेले असते. त्या कागदावर पागनीस नापास झाले असते. दामल्यांनी मागची कामे पाहिली, पण त्या कामांतून माणसाच्या अंगात काय मुरले आहे, तेही पाहिले. आपल्या वर्गातही असे कितीतरी जण होते, ज्यांना योग्य भूमिका फार उशिरा मिळाली. काहींना अजून मिळायची आहे. आपल्यातले बरेच जण आता माणसे निवडण्याच्या खुर्चीत बसले आहेत. त्यांनी पागनीसांना लक्षात ठेवावे, एवढ्यासाठी हे लिहिले.