रविवारची सुट्टी ही मालकांची मेहेरबानी नव्हे!

१९७६ साली ‘नेटवर्क’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. सिडनी ल्युमेट त्याचे दिग्दर्शक. त्यातले एक भाषण जगभर गाजले. टीव्हीवरचा एक निवेदक प्रेक्षकांना चेतवून आपल्याच कंपनीचा मोठा सौदा अडवतो. तेव्हा कंपनीचा सर्वेसर्वा त्याला लांबलचक टेबल असलेल्या अंधाऱ्या दालनात बोलावतो आणि सुनावतो की, तू निसर्गाच्या नियमात ढवळाढवळ केली आहेस. देश, जनता, लोकशाही असे जगात आता काही उरलेले नाही. आहेत त्या फक्त कंपन्या आणि त्यांचा पैसा. ज्या कंपन्यांची नावे तो घेतो, त्यात युनियन कार्बाइडही आहे. त्यानंतर आठच वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणाला मुकली.

या भाषणातली खरी मेख ‘निसर्ग’ या शब्दात आहे. नफ्याची हाव हा एकदा निसर्गनियम ठरला की तिच्याविरुद्ध तक्रार करायला जागाच राहत नाही. पाऊस पडतो म्हणून कोणी अर्ज करीत नाही. आपल्या देशाला ही युक्ती नवी नाही. चातुर्वर्ण्य हाही असाच ईश्वरी नियम म्हणून हजारो वर्षे आपल्या माथी मारला गेला. म्हणूनच ज्याने जातीचा ईश्वरी नियम नाकारला, त्याच माणसाला गिरणीमालकांचा निसर्गनियमही खोटा दिसला, यात आम्हाला योगायोग वाटत नाही. तो माणूस आपल्या ठाण्याचा. त्यांचे नाव रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ती गाडी आमच्या कल्याणपर्यंत पोहोचली. याच दशकात मुंबईत कापडगिरण्यांना सुरुवात झाली. म्हणजे रेल्वे, गिरणी आणि लोखंडे हे एकाच काळात वाढले. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि पुढे मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली.

गिरणीत त्यांनी काय पाहिले? विजेचे दिवे अजून आले नव्हते, म्हणून काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तास. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. पगार हातात पडायला उशीर, त्यात दंडाची कापाकापी. यंत्रात हात गेला तर माणूस घरी आणि त्याच्या जागी दुसरा. बायका आणि लहान मुलेही याच चक्रात. मालाचा हिशेब ठेवणाऱ्या या स्टोअरकीपरने मग माणसांचा हिशेब मांडायला घेतला.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्याचे मुंबईतील बिनीचे कार्यकर्ते झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र बंद पडले होते. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा चालवले आणि गिरणी कामगाराच्या दुःखाला छापील अक्षर मिळाले. या गुरू-शिष्यांत सगळेच गोड होते असे मात्र नाही. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची थांबवली. जोतीराव त्यावर चांगलेच नाराज झाले. सरकारशी कुठवर भिडायचे, हा दोघांमधला फरक होता. महापुरुषांना देव करून ठेवणे ही आपली परंपरा नाही, म्हणून हेही सांगितले पाहिजे.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवायचे नाही, एवढाच त्याचा जीव. मोठ्या माणसांना त्यात काहीही नव्हते. तरीही मालक ओरडले. ‘केसरी’सारख्या राष्ट्रवादी पत्रांनीही या कायद्याला विरोध केला. कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्यही होते. पण स्वदेशी मालकाच्या नफ्यासाठी स्वदेशी मुलाने किती तास राबायचे, हा प्रश्न त्या देशभक्तीत बसत नव्हता. तो लोखंडे यांनी विचारला.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखाना कमिशन नेमले. लोखंडे यांनी सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या होत्या त्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा निकामी झालेल्याला निर्वाहाची तजवीज. वकिलीच्या व्यवसायात आम्ही अनेक मागणीपत्रे पाहिली आहेत, पण इतके नेमके मागणीपत्र क्वचितच पाहिले. त्यात दयेची याचना नाही. मालकाच्या अधिकाराला कुठे रेघ मारायची, ती जागा त्यात दाखवली आहे.

याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. तिला नोंदणी नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते. ट्रेड युनियन कायदा यायला १९२६ साल उजाडायचे होते. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच साली नेमलेल्या कारखाना कमिशनच्या कामात लोखंडे यांना कामगारांच्या बाजूने घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायदेशीर झाली, नऊ वर्षांखालील मुलांना कामावर बंदी आली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा मिळाली.

लोखंडे गिरणीपुरते थांबले नाहीत. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी केला, त्यामागे सत्यशोधकांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर त्यांनी कामगार वस्त्यांत सलोख्यासाठी काम केले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. पैसेवाले शहर सोडून गेले. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले. त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. महिनाभरातच, १० मार्चला, सावित्रीमाई फुलेही पुण्यात अशीच सेवा करताना गेल्या.

लोखंडे यांच्या मागण्यांत एक गोष्ट राहून गेली होती. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. जास्त पगाराचे काम त्याला बंद होते. १९२८ च्या गिरणी संपात हा प्रश्न विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आणला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी सांगितले. कल्याणच्या रेल्वे वस्त्यांत ज्यांचे आजोबा राहिले, त्यांना मनमाड समजावून सांगण्याची गरज नाही.

आता कायद्याचा आलेख पाहा. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला पहिली मर्यादा १९११ साली मिळाली, तीही कापडगिरण्यांत आणि बारा तासांची. १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या कायद्याने, नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. एकेक तास कमी करायला दहा-बारा वर्षे लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. कागदावर ते खरे आहे. पण ठेकेदाराच्या हातात ज्याची हजेरी आहे, त्या कामगाराच्या संमतीची किंमत काय, हे कामगार न्यायालयाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांना होती, ती तीनशेवर गेली. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी दहा कामगार पुरत होते, आता वीस लागतात. म्हणजे लहान कारखान्यातला कामगार कायद्याच्या त्या कुंपणाबाहेर गेला. मोटारसायकलवर घरोघर माल पोहोचवणाऱ्या तरुणाला तर कायदा कामगारच मानत नाही. त्यामुळे त्याला लोखंडे यांनी मिळवलेला रविवारही नाही. आमच्या भागाला हे दुरून ऐकायचे नाही. मोहने-आंबिवलीची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हा वसाहतीच्या वसाहती उघड्यावर आल्या. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले आणि माणसे मेली. १८८४ च्या अर्जातले जखमी कामगाराचे कलम आजही जिवंत आहे.

तथागत बुद्धाने लोभ हे अकुशलाचे मूळ म्हटले. मूळ म्हणजे नियम नव्हे. मूळ उपटता येते. लोखंडे यांनी ते साडेपाच हजार सह्यांनी हलवून दाखवले. सरकारने २००५ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले, परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. तेवढ्याने भागणार नाही. नव्या संहितेने प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे, ते मागा. जादा तासांचा दुप्पट मोबदला पगारपत्रकात लिहून घ्या. एकट्याने मागवत नसेल तर संघटनेतून मागा.

आपल्या विहारांत दर रविवारी सामुदायिक वंदना होते. तो रविवार कोणाच्या कष्टाने मिळाला, हे त्या दिवशी मुलांना सांगा. आणि वंदनेला कोण येऊ शकला नाही, कारण त्याला सुट्टी नव्हती, हेही मोजा. त्या यादीपासूनच पुढचा अर्ज लिहावा लागेल.

जय भीम!