कुरणात भरलेली शाळा



डहाणू तालुका २०१४ सालापर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. त्या तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या अनुताई वाघ यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. लहान वयातच लग्न झाले आणि लगेच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तिथेच संपले असे लोक धरून चालत. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिकही झाल्या. १९४५ साली पुण्यातील नोकरी सोडून त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाई व अनुताई शाळेचे साहित्य घेऊन वस्तीतच गेल्या. अंगणात वर्ग भरू लागला. आज देशभर परिचित असलेला अंगणवाडी हा शब्द तिथला आहे.

पुढे हे काम कोसबाडला वारली मुलांमध्ये गेले. तिथेही शाळेचे दार उघडे होते, पण मुलगा गुरे घेऊन रानात जाई आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी राही. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. मोठ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. भावंड पाळण्यात, ताई वर्गात! माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, खडे आणि पाने वापरली.

अनुताई स्वतःही शिकत राहिल्या. एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी. ए. झाल्या. १९७३ साली ताराबाई गेल्या, तरी अनुताईंनी कोसबाड सोडले नाही. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

दार उघडे असणे आणि आत येता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला या चरित्रातून उमगते. माजिवड्यात उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्या बांधणाऱ्या मजुरांची मुले पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि काम संपले की दुसऱ्या जागी जातात. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. पण तान्ह्या भावाला कडेवर घेतलेल्या मुलीपर्यंत तो कायदा कोण नेणार?

मिस्सा आटोपून घरी जाताना अशी एखादी मुलगी दिसली, तर शाळेत का जात नाहीस, असे तिला दटावू नये. सकाळी दहा वाजता ती काय करते, एवढे आधी विचारावे. वाट तिथूनच सापडेल.