विल्यम कॅरे

विल्यम कॅरे यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडातील एका गरीब विणकराच्या घरी झाला. ते जोडे शिवून पोट भरीत आणि उरलेल्या वेळात निरनिराळ्या भाषा शिकत. १७९३ साली ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी ते हिंदुस्थानात यावयास निघाले. पत्नी डोरोथी मायदेश सोडावयास राजी नव्हत्या. अखेर बहिणीची सोबत मिळाली, तेव्हा त्या निघाल्या. बरोबर चार मुले होती. त्यांतील एक तान्हे होते.

कलकत्त्यास पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत जवळचे पैसे संपले. ना धड घर, ना कोणाचा आधार. काही महिने सुंदरबनात काढल्यावर कॅरे यांना मालद्याकडे निळीच्या कारखान्यात नोकरी मिळाली. तेथे ताप व हगवण यांनी घर पछाडले. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर दगावला. परक्या जातीच्या प्रेतास हात लावावयास कोणी लवकर धजेना. त्या दुःखाने डोरोथींच्या मनाचा तोल ढळला. तो १८०७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरला नाही.

अशाही स्थितीत कॅरे यांचा अभ्यास थांबला नाही. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवू लागले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली सिद्ध केला. १८३४ साली सेरामपूर येथे त्यांचे निधन झाले.

मराठी भाषा कॅरे यांचे ऋण मानते. त्या कार्यासाठी डोरोथींनी सोसलेल्या दुःखाचाही विसर पडता कामा नये.