रंगांना अंक देणारा चित्रकार

अमरावतीच्या एखाद्या दंतवैद्याकडे पुढचा दात मोडलेला तरुण येतो. बोलताना, हसताना त्याचा हात नकळत तोंडापुढे जातो. त्याला नवा दात हवा असतो. पण तो नवा आहे हे कोणालाही कळू नये, अशीही त्याची इच्छा असते. दंतवैद्य छोट्या नमुना-दातांची पट्टी त्याच्या ओठांशी धरतात आणि प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर एक अक्षर व एक अंक लिहितात. दात घडविणाऱ्या कारागिराने या तरुणाला कधी पाहिलेलेही नसते. तिकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी शेतातले ढेकूळ रंगीत चौकोनांच्या पुस्तकाशेजारी धरून वहीत काही अंक टिपतो. या दोन कामांचा परस्परांशी संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मात्र दोन्हींच्या मागे विचार एकाच माणसाचा आहे. अल्बर्ट हेन्री मुन्सेल हे त्यांचे नाव. ते दंतवैद्य नव्हते, मृदाशास्त्रज्ञही नव्हते. ते चित्रकार होते.

मुन्सेल यांचा जन्म ६ जानेवारी १८५८ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. तेथील सरकारी कलाशिक्षण विद्यालयात ते शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. उच्च शिक्षणासाठी त्यांनी पॅरिस गाठले. व्यक्तिचित्रे आणि सागरदृश्ये हे त्यांचे आवडते विषय. हेलन केलर यांचे व्यक्तिचित्रही त्यांनी रंगविले होते. जिला रंग कधी दिसणार नव्हते, तिचे चित्र रंगांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या हातून व्हावे, हा एक विलक्षण योगच म्हणावा लागेल.

वर्गात शिकविताना एक अडचण त्यांना सतत छळत असे. रंगाविषयी बोलायला नेमकी भाषाच नव्हती. आपल्याकडे मोरपंखी, आमसुली, अबोली, पोपटी ही नावे आहेत. पण एकाची आमसुली दुसऱ्याच्या डोळ्यांना वेगळी भासते. इंग्रजीतही फुले, फळे आणि पक्षी यांवरून रंग ओळखले जात. संगीतात स्वर लिहून ठेवता येतो, मग रंग का लिहिता येऊ नये, या प्रश्नाने मुन्सेल यांना झपाटले.

त्यांचे उत्तर सोपे होते; ते सिद्ध करणे मात्र अवघड होते. प्रत्येक रंगाची तीन अंगे असतात, असे त्यांनी मांडले. पहिले अंग वर्ण, म्हणजे तांबडा, पिवळा, हिरवा, निळा की जांभळा. दुसरे उजळपणा, त्यासाठी काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला दहा अशी मोजपट्टी. तिसरे तीव्रता, म्हणजे रंग राखाडीपासून किती दूर आणि किती भरलेला आहे ते. ही तीन अंगे सांगितली की रंगाचा पूर्ण पत्ता लागतो. आरंभी त्यांनी सर्व रंग एका गोलात बसविले. परंतु पिवळा उजळ असताना सर्वांत भरदार दिसतो, तर जांभळा गडद असताना, हे त्यांच्या ध्यानात आले. मग सुबक गोलाचा मोह त्यांनी सोडला आणि फांद्या कमीअधिक लांबीच्या असलेले रंगवृक्षाचे रूप स्वीकारले. उजळपणा मोजण्यासाठी त्यांनी स्वतः एक उपकरणही तयार केले.

१९०५ मध्ये रंगलेखनावरील त्यांचे पुस्तक निघाले. १९१५ मध्ये रंगांचा नकाशासंग्रह आला. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी या कामासाठी कंपनीही स्थापन केली. पण तिची भरभराट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २८ जून १९१८ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुत्र अलेक्झांडर यांनी काम पुढे नेले. १९२९ मध्ये रंगांचा सुधारित ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४३ मध्ये शास्त्रज्ञांनी सारी मोजमापे पुन्हा तपासून नेमकी केली.

दंतवैद्यकाला या विचाराची गरज फार होती. दात पांढरा असतो, हा केवळ समज आहे. वरचे कवच अर्धपारदर्शक असते आणि त्यातून आतल्या थराचा पिवळसरपणा डोकावतो. वय वाढते तसे कवच झिजते आणि दात गडद दिसू लागतो. १९३१ च्या सुमारास अमेरिकी दंतवैद्य ब्रूस क्लार्क यांनी दाताचा रंगही तीन अंगांनी पाहावा, असा आग्रह धरला. १९७३ मध्ये रॉबर्ट स्प्राउल यांनी मुन्सेल पद्धतीच्या आधारे तो नव्याने मांडला. जर्मनीतील व्हिटा कंपनीची १९५६ पासूनची सोळा छटांची पट्टी आजही प्रचलित आहे. त्याच कंपनीच्या १९९८ मधील नव्या पट्टीत आधी उजळपणा, मग तीव्रता आणि शेवटी वर्ण निवडला जातो. कारण वर्णातला किंचित फरक खपून जातो. उजळपणा चुकला तर नवा दात दुरूनच उठून दिसतो.

या कामाला काही पथ्येही आहेत. रंग उपचाराच्या आरंभीच ठरवावा, कारण तोंड उघडे राहून दात सुकला की तो पांढरा भासतो. शक्य तेथे दिवसाचा उजेड घ्यावा, ओठांचा रंग पुसावा आणि काही क्षणच पाहून डोळ्यांना विसावा द्यावा. एका उजेडात जुळलेला दात दुसऱ्या उजेडात वेगळा दिसू शकतो, म्हणून तो निरनिराळ्या प्रकाशात पडताळावा लागतो. आता रंग मोजणारी यंत्रे आली आहेत. तीही रंगाचे मोजमाप तीन अंगांतच करतात.

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत आज दंत महाविद्यालये आहेत आणि भोवती पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन पसरली आहे. या कपाशीच्या मातीची नोंद मृदाशास्त्रज्ञ १० वायआर ३/१ अशा अंकांत करतात. यातील वायआर म्हणजे पिवळ्या-तांबड्याचा पट्टा, तीन म्हणजे उजळपणा आणि एक म्हणजे तीव्रता. माणसाच्या दातांचा वर्णही याच पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या पिवळ्यात मोडतो. उजळपणा मात्र साधारण सहा ते आठ. वऱ्हाडची काळी माती आणि वऱ्हाडी माणसाचे हसू मुन्सेल यांच्या रंगवृक्षावर अशी शेजारी येतात. एक खाली, दुसरे वर. मुन्सेल यांनी वऱ्हाड कधी पाहिला नाही. तरीही नवा दात बसवून घेतलेला तरुण तोंडापुढचा हात काढून मोकळेपणी हसतो, तेव्हा त्या हसण्यात बोस्टनच्या या चित्रकाराचाही वाटा असतो.